सेकंडहँड वेज आणि सांगोवांगीच्या गोष्टी

जानेवारी 2010मध्ये कॅलिफोर्नियातल्या टॉरी पाइन्सच्या मैदानावर गोल्फर फिल मिकलसनच्या बॅगेत वीस वर्षांपूर्वीचा एक वेज (ग्रीनजवळच्या उंच फटक्यांची काठी) दिसला आणि अमेरिकी गोल्फमध्ये गदारोळ उडाला. वेज पिंग कंपनीचा, 'आय टू' मालिकेतला. त्याच महिन्यापासून व्यावसायिक स्पर्धांमध्ये वेजच्या चेहऱ्यावरच्या खाचांवर कडक निर्बंध आले होते. पण पिंगने 1990मध्ये अमेरिकी गोल्फ संघटनेशी कोर्टात केलेल्या तडजोडीमुळे 1 एप्रिल 1990पूर्वी बनलेले 'आय टू' त्या निर्बंधांतून सुटत होते. एका सहकारी खेळाडूने याला चक्क फसवणूक म्हटले. नियमाच्या भाषेत ती फसवणूक नव्हती. मार्चमध्ये पिंगनेच आपली सूट सोडून दिली आणि वाद थंडावला.

एक समज मात्र तेव्हापासून घट्ट झाला: वेज जितका जुना, तितका चेंडूला स्पिन जास्त. यात अर्धे खरे आहे. 2010च्या नियमाने खाचांचे आकारमान मर्यादित केले आणि त्यांच्या कडा किमान 0.010 इंच त्रिज्येने गोलसर असाव्यात असे ठरवले. कडांची अट 25 अंश किंवा त्याहून जास्त लॉफ्टच्या, म्हणजे चेहऱ्याच्या तिरकेपणाच्या, काठ्यांना लागू आहे, म्हणजे सगळे वेज त्यात आले. त्याआधीच्या वेजच्या खाचा खरोखरच मोठ्या आणि धारदार असत. असत, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडताना. पंधरा-वीस वर्षे वाळू आणि माती खाल्लेल्या वेजवर त्या धारेचा मागमूस उरत नाही. शिवाय वरच्या दर्जाच्या स्पर्धांत आयोजक स्थानिक नियम लावून असे वेज बाद ठरवू शकतात. रविवारी मित्रांबरोबर खेळण्यापुरता प्रश्न नाही, स्पर्धेत नाव द्यायचे असेल तर कमिटीला आधी विचारलेले बरे.

याच्या नेमका उलट समजही तितकाच जोरात आहे: सगळ्यात नवे मॉडेलच घ्यावे. बॉब व्होकी यांच्या नावाने निघणारे टायटलिस्टचे वेज दर दोन वर्षांनी बदलतात. 2016मध्ये एसएम6, 2018मध्ये एसएम7, 2020मध्ये एसएम8, 2022मध्ये एसएम9 आणि 2024मध्ये एसएम10. पण खाचांची कमाल मर्यादा 2010पासून तिथेच आहे आणि सगळ्या मोठ्या कंपन्या तिला खेटूनच माल बनवतात. पिढ्यांमध्ये फरक नसतो असे नाही. गुरुत्वमध्य सरकतो, तळाच्या घडणीचे पर्याय वाढतात, खाचांमधल्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा बदलतो. तरीही हा फरक झिजलेल्या आणि न झिजलेल्या वेजमधल्या फरकापुढे किरकोळ आहे. जेमतेम वापरलेला एसएम8 आणि रोज सरावात घासलेला एसएम10 शेजारी ठेवले, तर निवड अवघड नाही. अडचण एवढीच की सेकंडहँड बाजारात भाव ठरतो मॉडेलच्या नावावर, झिजेवर नाही. गिऱ्हाईक चोखंदळ असेल तर हा त्याचा फायदाच आहे.

झीज ओळखायची कशी? वेजच्या चेहऱ्यावर टोकाकडचा भाग सहसा चेंडूला लागत नाही, तिथल्या खाचा जवळजवळ कोऱ्या राहतात. तिथे आडवे नख फिरवावे, मग तसेच मध्यभागी. टोकाला नख अडते आणि मध्यावर सरकून जाते, असा वेज परत ठेवावा. मध्यभागी गुळगुळीत, चकचकीत डाग दिसला तरी तेच. उलट, तळावर किंवा पाठीवर बॅगेत आपटून पडलेले ओरखडे बघून लोक उगीच नाक मुरडतात. ते दिसायला वाईट, पण फटक्याला निरुपद्रवी. ऑनलाइन विक्रेते काठीची पाठ झकास दाखवतात. मागायचा असतो तो चेहऱ्याचा जवळून काढलेला फोटो.

टायटलिस्ट साधारण 75 फेऱ्यांनंतर वेज बदलायचा सल्ला देते. सल्ला देणाऱ्याचे दुकानही आहे, हे लक्षात ठेवून तो ऐकावा. पण सगळे वेज सारखे झिजत नाहीत हे नक्की. बंकरमध्ये आणि ग्रीनभोवती राबणारा 56 अंशांचा सँड वेज लवकर संपतो, 50-52 अंशांचा गॅप वेज सावकाश. म्हणून खिसा पाहून खरेदी करणाऱ्याने गॅप वेज वापरलेला आणि सँड वेज कोरा घेणे शहाणपणाचे.

खाचा नेमके करतात काय, याविषयीही गोंधळ आहे. कोरड्या फेअरवेवरून स्वच्छ लागलेल्या फटक्याला खाचांची फारशी गरज नसते. तिथे स्पिन येतो तो लॉफ्ट, फटक्याचा वेग, पृष्ठभागाचे घर्षण आणि चेंडूचे आवरण यांतून. खाचांचे काम टायरवरच्या नक्षीसारखे, पाणी आणि गवताचा रस वाट काढून बाजूला न्यायचे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या गोल्फरला झिजलेला वेज मे महिन्यात खपून जातो आणि जुलैत ओल्या गवतातून चेंडू ग्रीनवर पडून थांबता थांबत नाही. दोष मात्र बहुतेकदा मनगटावर ढकलला जातो.

खाचा कोरून धार आणणारे हत्यार स्वस्तात मिळते आणि 'नव्यासारखा होतो' असे सांगत विकले जाते. वापराने आलेली झीज नियमाला मान्य आहे. पण मुद्दाम कोरताना खाचांचे माप मर्यादेबाहेर गेले तर काठी नियमबाह्य ठरते, आणि हाताने कोरताना ते माप सांभाळणे जवळपास अशक्य.

गंजाचे गारूडही तसलेच. मुलामा नसलेले वेज गंजतात आणि गंजाने चेंडूला पकड मिळते, असे ठामपणे सांगितले जाते. गंज मऊ असतो, फटक्यागणिक झडून जातो. स्पिनमध्ये त्याने लक्षणीय भर पडत नाही. उन्हात डोळ्यांवर चमक येत नाही, हा मुलामा नसण्याचा खरा फायदा. टेलरमेडने 2019च्या 'मिल्ड ग्राइंड 2'मध्ये फक्त चेहरा मुलाम्याविना ठेवला. तेव्हा चेहऱ्यावर हलका तांबूसपणा असलेला असा वेज बिघडलेला नाही, कमी दरात हवा म्हणून त्या गंजाकडे बोट दाखवायला मात्र हरकत नसावी.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज बाउन्सबद्दलचा आहे: कमी बाउन्स म्हणजे पट्टीच्या खेळाडूचा वेज. बाउन्स म्हणजे वेजचा तळ मागच्या बाजूला किती खाली उतरतो त्याचा कोन. पुढची कड जमिनीत रुतू नये म्हणून तो असतो. याचे श्रेय जीन साराझेनला दिले जाते. त्याने धारदार कडेच्या निब्लिकच्या (त्या काळच्या जास्त लॉफ्टच्या काठीच्या) तळाला शिसे डाखून मागची बाजू जाड केली आणि 1932मध्ये इंग्लंडच्या सँडविच गावाजवळ प्रिन्सेसच्या मैदानावर ब्रिटिश ओपन जिंकली. स्पर्धेआधी कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून ती काठी तो बॅगेत उलटी ठेवत असे, असे सांगतात. जगातला उत्तम खेळाडू बाउन्स वाढवत होता, हे विसरून आज हौशी मंडळी 4 अंशांचा वेज शोधतात आणि पहिल्याच चिपला जमीन खणतात.

नुसता आकडाही पुरेसा नाही. व्होकीचा 56.14 एफ आणि 56.08 एम, दोन्ही 56 अंशांचेच. पण पहिल्याचा तळ भरलेला, सरळ फटक्यांसाठी. दुसऱ्याची टाच आणि कडा तासलेल्या, चेहरा उघडून खेळणाऱ्यांसाठी. जो फटका मारताना मोठी ढेकळे उडवतो त्याला पहिला, जो चेंडू जमिनीवरून अलगद उचलतो त्याला दुसरा. आपल्याकडच्या मैदानांवर, जिथे हरळीच्याच जातीचे बर्म्युडा गवत पावसात भुसभुशीत मातीवर आणि उन्हाळ्यात टणक जमिनीवर असते, 10 अंशांच्या आसपासचा मध्यम बाउन्स बारा महिने चालून जातो.

लॉफ्टच्या आकड्यांचेही असेच. '52, 56, 60 असा संच घ्या' हे जुने गणित पिचिंग वेज 48 अंशांचा होता तेव्हाचे. आजच्या अनेक आयर्न संचांत तो 43 ते 45 अंशांवर आला आहे, काहींत त्याहूनही खाली. तिथून थेट 52वर उडी मारली की मधले अंतर मारायला काठीच उरत नाही. त्यात आधीच्या मालकाने वेज वाकवून घेतलेला असू शकतो. 56चा 54 केला की बाउन्सही 2 अंशांनी घटतो, आणि वर कोरलेला आकडा मात्र 56च राहतो. गोल्फ दुरुस्तीच्या दुकानात कोन मोजायचे यंत्र असते. दोन मिनिटांचे काम आहे.

घडीव वेज ओतीवपेक्षा सरस, हेही ऐकायला मिळते. मिझुनोचे घडीव वेज सुरेखच असतात. पण व्यावसायिकांच्या बॅगांत वर्षानुवर्षे भरून राहिलेले व्होकी एसएम वेज 8620 कार्बन पोलादाचे, ओतीव आहेत. क्लीव्हलँडचे 1988चे गाजलेले 588 किंवा नंतरची आरटीएक्स मालिका सेकंडहँड बाजारात बहुधा याच पूर्वग्रहामुळे स्वस्त मिळत असावी.

खरी काळजी नकली मालाची. टायटलिस्ट, कॅलवे, टेलरमेड, पिंग यांच्या नकला इतक्या निघतात की अमेरिकी कंपन्यांनी 2004मध्ये त्याविरुद्ध एकत्र येऊन गट काढला. हॉझलवरचा (दांडा डोक्याला जोडला जातो तिथला) सिरियल क्रमांक पाहावा, पण नकली माल बनवणारा तोही छापतो. अक्षरांतला रंग ओघळलेला आहे का, खाचांमधले अंतर सारखे आहे का, खऱ्या वेजशेजारी धरल्यावर वजन जाणवण्याइतके वेगळे लागते का, हे एकत्र तपासावे. विक्रेत्याकडे एकाच मॉडेलचे दहा कोरे वेज निम्म्या दरात असतील, तर तो सेकंडहँड मालाचा विक्रेता नव्हे. ग्रिप झिजलेली असेल तर तो मुद्दा भाव पाडायला वापरावा. ती बदलून मिळते.