जनावरांची औषधे विकता? मग परवाना तपासून पाहा

पिंपळगाव रेणुकाईचे नाव मिरचीच्या बाजारामुळे दूरवर माहीत आहे. परंतु भोकरदन तालुक्यातील गरीब घराला अडीअडचणीत हात देते ती दारातली शेळी आणि गोठ्यातली म्हैस. खेड्यात जनावर रात्री-बेरात्री आजारी पडले आणि डॉक्टर लांब असला, की माणूस ओळखीच्या दुकानाकडे धावतो. मग किराणा, पेंड किंवा खतांच्या दुकानात काउंटरखाली जंताचे औषध, एखादी इंजेक्शनची बाटली ठेवलेली आढळते. देणाऱ्याच्या मनात सहसा वाईट हेतू नसतो. कायदा मात्र हेतू विचारत नाही, परवाना विचारतो.

औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा १९४० चा आहे. त्यातील ‘औषध’ या शब्दाच्या व्याख्येत माणसांच्या औषधांबरोबर जनावरांची औषधेही स्पष्टपणे येतात. ही व्याख्या किती रुंद आहे हे मुंबईच्या एका खटल्यावरून कळते. परवान्याविना शोषक कापूस, बँडेज व गॉज बनवणाऱ्याचे म्हणणे होते की हे औषधच नव्हे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. कापूस जिथे औषध ठरतो, तिथे शेळीला पाजायच्या जंतनाशकाबद्दल शंका कसली?

कलम १८ (क) प्रमाणे औषध परवान्याविना विकणे हा गुन्हा आहेच, विक्रीसाठी साठवणे किंवा मांडून ठेवणे हाही गुन्हा आहे. २००८ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ३ व कमाल ५ वर्षे कैद आहे. दंड किमान १ लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यापैकी जी रक्कम मोठी असेल ती. विशेष कारण नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते, पण त्या भरवशावर धंदा कोणी करू नये.

अनेक व्यापारी बंधूंचा येथेच गोंधळ होतो. भिंतीवर शॉप अ‍ॅक्टचा दाखला असतो, ग्रामपंचायतीची पावती असते, खते व कीटकनाशकांचा परवाना असतो. यांपैकी एकही कागद औषधासाठी चालत नाही. लागतो तो अन्न व औषध प्रशासनाचा परवाना: किरकोळ विक्रीसाठी नमुना २०, आणि लसींसारख्या औषधांसाठी नमुना २१. जागा किमान १० चौरस मीटर हवी आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा. लस ठेवायची तर फ्रीजही हवा. फार्मासिस्ट परवडत नसेल तर नमुना २०-अ हा मर्यादित परवाना असतो, मात्र त्यावर लिहिलेली औषधेच विकता येतात आणि चिठ्ठीवर मिळणारी प्रतिजैविके त्यात बसत नाहीत. काहीजण घाऊक परवाना काढून शेतकऱ्याला सुटी बाटली देतात. तेही नियमबाह्य आहे, कारण घाऊक माल मुख्यतः परवानाधारक दुकानदारालाच द्यायचा असतो. २०१७ पासून परवान्याचे नूतनीकरण लागत नाही, दर ५ वर्षांनी शुल्क भरून तो चालू ठेवावा लागतो. ही तारीख विसरून परवाना गमावणे फार सोपे आहे.

परवाना असला तरी प्रत्येक बाटली विकता येते असे नाही. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक गिधाडांच्या मृत्यूंमुळे बंद झाले. २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना कोलिस्टिन देण्यास बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक जनावरांसाठी बंद झाले. जुना साठा कपाटात पडून असेल तर आजच बाजूला काढावा.

बकरी ईदसाठी बोकड पाळणाऱ्यांनी व खाटीक बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. औषध दिल्यानंतर किती दिवस मांस वा दूध खाण्यासाठी वापरू नये, हे २०१२ च्या नियमाप्रमाणे लेबलवर लिहावे लागते. त्या जनावरासाठी तसे ठरवलेले नसेल तर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरतात. ईदला आठवडा उरला असताना टोचलेले इंजेक्शन म्हणजे गिऱ्हाइकाच्या ताटात गेलेले औषध. बिनापावतीच्या, लेबल खरडलेल्या बाटलीवर हे दिवस वाचायला मिळत नाहीत.

आता तपासणीविषयी. औषध निरीक्षक आल्यास घाबरून माल लपवू नये. तो नमुना घेतो तेव्हा त्याचे साधारणतः चार सीलबंद भाग करतो व एक भाग दुकानदाराला देतो. तो फेकू नये, कारण तोच आपला पुरावा असतो. जप्ती केली तर पावती मागून घ्यावी. सरकारी विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी कळवावे लागते, नाहीतर अहवाल अंतिम धरला जातो. माल कोणाकडून घेतला हे विचारल्यास सांगणे बंधनकारक आहे. परवानाधारक पुरवठादाराचे पक्के बिल असेल, माल नीट ठेवला असेल आणि दोष ओळखणे शक्य नव्हते असे दाखवता आले, तर कलम १९ दुकानदाराला वाचवते. विना बिलाच्या स्वस्त मालात ही ढाल नसते.

पोलिसांच्या नावाने धमकावून पैसे उकळणारेही भेटतात. ऑगस्ट २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या कायद्याच्या चौथ्या प्रकरणातील, म्हणजे औषधांचे उत्पादन व विक्री यांसंबंधीच्या गुन्ह्यांत, पोलिसांना एफआयआर नोंदवून तपास करता येत नाही. माहिती मिळाल्यास त्यांनी ती औषध निरीक्षकाकडे द्यावी.

परवाना नाकारला, निलंबित किंवा रद्द केला, तर निकाल लेखी व कारणांसह मागावा. रद्द वा निलंबित करण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. त्या नोटिशीला तोंडी उत्तर देऊन भागत नाही. उत्तर लेखी द्यावे व पोच घ्यावी. रद्द वा निलंबित केल्याच्या आदेशाविरुद्ध राज्य शासनाकडे ३ महिन्यांच्या आत अपील करता येते. जालन्याच्या कार्यालयात चकरा मारण्यातच हे ३ महिने निघून जातात, म्हणून आदेशाची तारीख त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावी.