गांधी उठल्या, तर काय बघायचं?



दिवाळीच्या आधी गवत कापताना आमच्या गटातल्या एका ताईला गांधीलमाशी चावली. पूर्वीही एकदा चावली होती, तेव्हा नुसता हात सुजला होता. म्हणून यंदाही लोखंड घासलं, हळद लावली. पण दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला. घरचे म्हणाले, "पित्त उठलंय, बसेल." नशीब, वाडीत जीप उभी होती. ताई वाचली.

ही ॲलर्जी. रोगांपासून राखण करणारी आपल्या शरीरातली यंत्रणा कधी साध्या गोष्टीलाही शत्रू समजते. पहिल्या वेळी ती फक्त ओळख ठेवते, दंगा पुढच्या वेळी करते. त्यामुळे 'मागे काही झालं नव्हतं' यावर विसंबू नका.

बिब्बा उततो, हे आपल्याला माहीत आहे. पण बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. ज्या बाईला बिब्बा उततो, तिला काजूच्या टरफलाचं तेल किंवा आंब्याचा चीकही त्रास देऊ शकतो. हे पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी येतं. जागा साबणाने धुवा, खाजवू नका, दवाखाना सवडीने गाठला तरी चालतो.

माशी चावल्यावर, औषध किंवा मासे खाल्ल्यावर मात्र वेगळं. नुसती खाज असेल तर लक्ष ठेवा. पण श्वास लागला, आवाज बदलला, जीभ सुजली किंवा चक्कर आली, तर थांबायचं नाही. गांधी नसल्या तरीही. मालक शेतावरून येईपर्यंतसुद्धा नाही! कुडपणहून घाट उतरून पोलादपूर गाठायचं म्हणजे वेळ जातोच. एकीने रेंज असेल तिथे जाऊन १०८ ला फोन करावा, दुसरीने गाडी बघावी. चक्कर असेल तर आडवं करून पाय उंच ठेवा, दम लागला असेल तर बसवा. चालवू नका. मधमाशीचा काटा रुतला असेल तर नखाने लगेच खरवडून काढा.

खाजेची गोळी खाज कमी करते, सुजलेला घसा उघडत नाही. त्यासाठी मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, त्रास उलटू शकतो.

आणि ज्या औषधाने त्रास झाला, त्याचं नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. "ती पांढरी गोळी" सांगून पुढच्या डॉक्टरांना काय कळणार? आमच्या गटाच्या वहीत आता बचतीच्या हिशोबामागे एक पान त्यासाठीच ठेवलंय.