यंत्रातून बोलली ती कोण?

मैत्रिणींनो, सुटीतलं बॅगाटेल आठवतं ना? खिळे ठोकलेल्या फळीवर छर्रे सोडायचे! त्याचंच अमेरिकेतलं थोरलं भावंड म्हणजे पिनबॉल. काचेखालच्या उतरत्या फळीवरून पोलादी गोळी घरंगळते आणि आपण बटणं दाबून, दोन छोट्या दांड्यांनी तिला वर टोलवायचं.

१९७५ नंतर या यंत्रांतले घंटा-रिले जाऊन चिप्स आल्या आणि यंत्रं चक्क बोलू लागली. बॅली कंपनीचं १९८० सालचं ‘झेनॉन’ तर बाईच्या आवाजात बोललं. असं हे पहिलंच. आवाज आणि संगीत होतं सुझान चियानी या संगीतकार बाईंचं. कोका-कोलाच्या जाहिरातीतला बाटली उघडल्याचा आवाजही त्यांनीच सिंथेसायझरवर घडवलेला!

खेळणाऱ्यांत मात्र दोन तट आहेत. चाहते म्हणतात, पारदर्शक नळीतून गोळी सर्रकन पलीकडे जाते ते पाहावं आणि तो आवाज ऐकत राहावा. नाकं मुरडणारे म्हणतात, नळीचा नेम साधला की पुढे तेच ते! शिवाय गोळी आदळली की बाईचे ते लाडिक सुस्कारे कशाला?

ही शेवटची तक्रार मला पटते बाई! पण सुस्कारे लक्षात राहिले आणि त्यामागची कलावंत विसरली, असं होऊ नये. लिफ्टमधून, फोनवरून असा गोड आवाज आला, तर ‘ही कोण बरं?’ एवढं मनात जरूर विचारा.