दिवा मंद, दोष बॅटरीला

मोटारीचा पुढचा दिवा मंद जळू लागला, की 'बॅटरी बसली' असा निकाल कोणताही पुरावा न तपासता फर्मावणारे तज्ज्ञ आपल्याकडे पेट्रोलपंपावर हमखास भेटतात. आणि त्यांच्या शब्दाखातर धडधाकट बॅटरी मोडीत काढून नवी बसवल्यावरही दिवा मिणमिणतच राहिला, की हेच महाभाग 'शंभर वॅटचा बल्ब टाका' अशी पुढची शिफारस बिनदिक्कत करतात.

वस्तुतः इंजिन चालू असताना दिव्यांना वीज पुरवतो तो अल्टरनेटर, आणि तो सुस्थितीत असल्यास बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाब मिळतो. तो मिळत असेल, तर मंद दिव्याचा दोष बॅटरीला देऊ नये. बल्बमधला प्रवाह गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. या परतीच्या वाटेला कारागीर 'अर्थ' म्हणतात, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत तिचा स्क्रू गंजला, की दाब तिथेच खर्ची पडतो. एवढ्याशा घटीने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. परंतु तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या सुमारे ३.४ व्या घाताने बदलतो, हे दीपशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतले गणित असून, त्या हिशेबाने दाब १० टक्क्यांनी उतरताच प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

तेव्हा दिवा पेटता ठेवून मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी बल्बच्या अर्थ-पिनेला लावावी. आकडा शून्याच्या आसपास हवा. व्होल्ट-दीड व्होल्ट दिसल्यास स्क्रू सोडून, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासून पुन्हा आवळावा. याउलट ६० वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब घातला, तर ५ अँपिअरच्या ठिकाणी ८ हून अधिक वाहू लागतात, त्याच गंजक्या सांध्यात उष्णता जवळजवळ पावणेतीन पट होते, आणि होल्डर वितळल्यावर दोष पुन्हा कंपनीच्या माथी!

ब्रेक दाबताच मागचा इंडिकेटरही मंद पेटतो, त्याचेही कारण बहुधा मागच्या दिव्याचा तुटलेला अर्थच. वाट न मिळालेला प्रवाह शेजारच्या बल्बमधून परततो. इंडिकेटर एकाच बाजूला भराभर लुकलुकला, तर रिले बदलण्यापूर्वी त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे काय, ते पाहावे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून १० अँपिअरच्या जागी ३० चा घालणे, अथवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद खुपसणे, म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळण्याची तजवीज. आणि १ एप्रिल २०१७ पासून बनणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतो जळत राहणे नियमानेच बंधनकारक असल्यामुळे, 'दिव्याचे बटणच नाही' ही तक्रार घेऊन गॅरेजचे उंबरठे झिजवण्याचे प्रयोजन नाही.