जुना वस्तरा, नवी मूठ : शिकलगाराच्या हुन्नराला हातभर काम

पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला आजोबांचा घडीचा वस्तरा सापडतो. पाते गंजलेले, मूठ तडकलेली. घरची मंडळी तो भंगारात टाकतात, नाही तर धारवाल्याच्या विजेच्या चाकावर नेऊन देतात. दोन्ही मार्गांनी वस्तू हातची जाते. जव्हार, मोखाडा यांसारख्या आडबाजूच्या गावातल्या कारागिराने तीच वस्तू नीट दुरुस्त केली, तर तीत शिकलगार, सुतार आणि शिंगकाम करणारा अशा तिघांची मजुरी दडलेली आहे. भांडवल थोडे लागते, सबुरी मात्र भरपूर लागते.

शिकलगार हा शब्द मूळ अरबी ‘सैकल’ म्हणजे जिल्हई यावरून आला. तलवारी गेल्या, तसे हे हात सुऱ्या, कात्र्या आणि वस्तऱ्यांकडे वळले. पुढे पाते बदलण्याचा वस्तरा दुकानोदुकानी आला आणि तेही काम आटले. आता जुना वस्तरा हौसेने वापरणारे आणि वाडवडिलांची आठवण म्हणून जपणारे गिऱ्हाईक आहे. त्याला स्वस्त काम नको, चांगले काम हवे.

माल आधी पारखावा

पात्याच्या दांड्यावरचा शिक्का भिंगाने वाचावा. शेफील्ड आणि झोलिंगेन ही वस्तऱ्याची दोन नामांकित गावे. तारा आणि क्रूस ही जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या पेढीची खूण. झोलिंगेनचे नाव तर जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखलेले आहे. शिक्का कधीही घासून पुसू नये. गिऱ्हाईक निम्मी किंमत त्याचीच देते.

मग पाते नखाने टिचकावून पाहावे. आवाज बद आला तर तडा असण्याचा संभव असतो. वरवरचा तांबडा गंज निघतो. परंतु धारेच्या कडेलाच काळे खड्डे पडले असतील, तर तिथे धार टिकणार नाही. असे काम घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. ‘होऊन जाईल’ असे म्हणून घेतलेले काम पुढे दुकानाचे नाव घालवते.

पाण्याला जपा

जुनी मूठ काढताना हातोडी मारू नये. खिळ्याचे ठोकलेले डोके कानशीने घासावे आणि बारीक सुंब्याने खिळा सोडवावा. शेपटाकडची पाचर पुष्कळदा शिशाची असते. तिची भुकटी विषारी म्हणून ती कोरडी घासू नये. काम झाल्यावर हात धुवावेत.

पाते तेलात भिजत ठेवून पॉलिश पेपरने हातानेच घासावे. आधी ४००, मग ८००, शेवटी १५०० नंबर. विजेचे कोरडे चाक इथे वैरी आहे. पाते पातळ, क्षणात तापते. पोलाद निळे पडले की त्याचे पाणी उतरले असे समजावे, आणि उतरलेले पाणी घासून परत येत नाही. एका मिनिटाची घाई शंभर वर्षांचा माल फुकट घालवते.

मूठ कशाची करावी ?

इथे कारागिराने कायदा ओळखून चालावे. हस्तिदंत, कासवाची पाठ, सांबरशिंग किंवा चितळशिंग यांना हात लावू नये. जंगलात गळून पडलेले शिंग का असेना, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते अंगाशी येते. गिऱ्हाइकाने स्वतः आणून दिले, ही सबब चालत नाही.

पाळीव म्हशीचे शिंग उत्तम. गरम पाण्यात मऊ करून दोन फळ्यांत दाबले की सपाट होते. माल बिलासह घ्यावा आणि बिल जपून ठेवावे. शिसव आणि साग या भागाच्या ओळखीची लाकडे, मात्र झाड तोडून आणलेला तुकडा नको. परवान्याच्या वखारीतला किंवा जुन्या फर्निचरचा तुकडा पुरतो, कारण एका मुठीला वीतभर लाकूडही लागत नाही. बांबूचा तर प्रश्नच सोपा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. तो पुरता वाळलेला आणि कीड न लागलेला असावा.

जुनी मूठ सेल्युलॉइडची असेल तर सावध राहावे. ती कुजू लागली की आंबूस वास सुटतो आणि तिच्या वाफेने पातेच गंजते. ती चटकन पेट घेते, म्हणून विस्तवापासून दूर ठेवावी आणि चांगल्या मालात मिसळू नये.

जुळणी आणि धार

दोन्ही बाजूंची पट्टी सुमारे ३ मिलिमीटर जाडीची ठेवावी. पितळी खिळा, पितळी चकती, आणि शिशाऐवजी पितळेची पाचर. खिळ्याचे डोके हलक्या हातोडीने टिपत टिपत पसरावे. वस्तरा मिटला की धार मधोमध बसली पाहिजे, कडेला घासता कामा नये. लाकडाला जवसाच्या तेलाचे तीन-चार हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळू द्यावा.

धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असाव्यात. पाठ उचलली की कोन बिघडला. भरड दगडावरून बारीक दगडावर यावे आणि शेवटी चामडी पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून, फिरवावे. जव्हारच्या पावसाळ्यात पाते कोरडे पुसून तेलाचा पातळ हात देणे विसरू नये. चामड्याच्या म्यानात ते कधीही ठेवू नये, चामडे ओल धरते.

दुकानात वापरू नका

हा वस्तरा एकाच माणसाचा. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग रक्ताने पसरतो. केशकर्तनालयात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पातेच हवे. दुरुस्त वस्तरा देताना ही गोष्ट पावतीवर लिहून द्यावी.

हिशेब

मजुरी अंदाजाने सांगू नये. पहिल्या दोन-तीन वस्तऱ्यांचे तास लिहून काढावेत. तासाची मजुरी, साहित्य, झीज आणि फुकट गेलेला माल धरून दर ठरवावा. मुठीवर वारली नक्षी हवी असेल, तर ती वारली चित्रकाराकडूनच काढून घ्यावी आणि त्याचा वाटा वेगळा द्यावा. या कलेला भौगोलिक मानांकन आहे, नुसती नक्कल करून तिचे नाव लावणे बरोबर नव्हे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत न्हावी, लोहार, सुतार आणि शस्त्रकार येतात. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत अशी तरतूद आहे. कर्जाचा भाग ५ टक्के व्याजाचा आहे. तो घ्यायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे.

हात शिकलेला असेल तर काम शोधत येते, असे आपले वडीलधारे म्हणत. पहिला वस्तरा आपल्याच घरातला घ्यावा. तो बिघडला तर नुकसान आपले, आणि साधला तर तोच दुकानातला नमुना.