घाटमाथ्यावरच्या हवेला कोण विचारतो?

वेल्हे भागात केळदजवळ मढे घाटाचा कडा सरळ कोकणात तुटतो. भोरकडून वरंध घाट उतरला की महाड आणि तिथली रासायनिक कारखान्यांची वसाहत. जून ते सप्टेंबर या घाटमाथ्यावर अरबी समुद्रावरचा वारा आदळतो. त्यातली बरीचशी हवा विषुववृत्त ओलांडून आलेली असते. थंडीत वारा फिरतो आणि देशाच्या आतल्या भागातली हवा इथून समुद्राकडे जाते. कारखान्यांतून सुटलेले अनोळखी वायू शोधणाऱ्याला एकाच जागी स्वच्छ हवाही मिळते आणि वापरलेलीही.

अनोळखी वायू अजून उरलेत का? उरलेत. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या योहानेस लाउबे यांच्या गटाने ओझोनला घातक असे चार नवे वायू जाहीर केले: सीएफसी-११२, ११२ए, ११३ए आणि एचसीएफसी-१३३ए. टास्मानियातल्या केप ग्रिमला १९७८ पासून टाक्यांत भरून ठेवलेली हवा आणि ग्रीनलंडच्या जुन्या हिमथरांत अडकलेली हवा त्यांनी तपासली. १९६० च्या दशकापूर्वी यांतला एकही वायू वातावरणात नव्हता. २०१२ पर्यंत मात्र चौघांचे मिळून ७४ हजार टनांहून अधिक उत्सर्जन झाले होते.

हे वायू लाख कोटी रेणूंत जेमतेम एखादा, इतके विरळ. हवा कोरडी करून उणे १६० अंशांच्या आसपास सापळ्यात गोठवतात, मग तापवून घटक वेगळे करतात आणि प्रत्येक रेणू फोडून त्याच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजतात. प्रत्येक रेणू आपल्याच रीतीने फुटतो, म्हणून यादीत नसलेलाही पकडला जातो.

ते येतात कुठून? ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या माँट्रियल करारात एक पळवाट आहे. दुसरे रसायन बनवण्यासाठी कच्चा माल म्हणून वापरलेल्या सीएफसीला बंदी नाही. ११३ए असाच, शीतकवायू एचएफसी-१३४ए आणि काही कीटकनाशके बनवताना वापरात येणारा. २०१० नंतर जगभर बंदी असूनही पाच सीएफसी २०२० पर्यंत वाढतच गेल्याचे २०२३ मध्ये दिसून आले.

आपल्याला याहून जवळची गोष्ट एचएफसी-२३ ची. एचसीएफसी-२२ बनवताना निघणारा हा हरितगृह वायू जाळून टाकण्याचा आदेश भारताने २०१६ मध्ये कारखान्यांना दिला. चीन आणि भारत यांनी जाहीर केलेल्या कपातीनंतर जगाचे उत्सर्जन कोसळायला हवे होते. हवेतल्या मोजमापाने २०१८ चा आकडा सुमारे १५,९०० टन काढला, तोवरचा सर्वाधिक. त्यात आपला वाटा किती? आपण प्रामाणिक असू, तर ते सिद्ध करण्याचे साधन आपल्याच हाती असले पाहिजे. २०१६ च्या जून-जुलैत विमानातून घेतलेल्या नमुन्यांवरून उत्तर भारताच्या उत्सर्जनाचा अंदाज निघाला. तो एका ऋतूचा.

अशा मोजणीचा पाया इथे आहे. गोव्यात केप रामाला १९९३ पासून काही वर्षे हवेचे नमुने घेतले गेले. वेल्ह्याच्या शेजारच्या सिंहगडावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने कुप्यांत हवा भरून कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मोजले. महाबळेश्वरला तिचीच ढगांची प्रयोगशाळा आहे. महागडे यंत्र येईल तेव्हा येवो. टाक्या आजही भरता येतील. दर ऑगस्टात आणि दर जानेवारीत एकेक टाकी, वेल्ह्याच्या तोरणा गडाच्या उंचीवरच्या हवेची, तारीख घालून पुण्यात जपून ठेवलेली.