आधी वारा बघा, मग व्हिला

पुण्यात शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून रोज हजारो लोक ये-जा करतात. 1928 मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून इथे आले आणि ते नाव जागेला चिकटले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण हवामानाचे मोठे काम आजही इथून चालते. तिकडे पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था मान्सून आणि हिंदी महासागराचा अभ्यास करते. समुद्रावरच्या वाऱ्यांची इतकी बारीक दखल घेणाऱ्या याच शहरातली कुटुंबे मालदीवच्या रिसॉर्टसाठी लाखो रुपये मोजतात, तेव्हा वाऱ्याचा विचार मात्र सर्वांत शेवटी करतात, किंवा करतच नाहीत.

निवड बहुधा फोटोवरून होते. निळे पाणी, त्यावर लाकडी खांबांवर उभी व्हिला, तळाला काच, जिन्याने थेट समुद्रात. या पाण्यावरच्या बंगल्याची कल्पना मूळची ताहितीच्या परिसरातली. 1967 मध्ये तिथल्या रायातेआ बेटावर पहिले असे बंगले बांधले गेले आणि मग जगभर त्यांची नक्कल झाली. आज त्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ मालदीव आहे. मुंबईहून तीन तासांच्या आत पोहोचता येते, भारतीयांना व्हिसा विमानतळावरच फुकट मिळतो. त्यामुळे पुण्यातल्या नवविवाहितांच्या यादीत हे नाव वरचे असते.

2024 च्या जानेवारीत हे चित्र बिघडले होते. पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीनंतर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी केलेल्या शेरेबाजीमुळे समाजमाध्यमांवर बहिष्काराची लाट आली आणि त्या वर्षी तिथे जाणारे भारतीय पर्यटक लक्षणीय घटले. दोन्ही सरकारांमधले संबंध नंतर सुधारले. लक्षद्वीपमध्ये मात्र आलिशान म्हणावे असे पर्याय अजून फारच थोडे आहेत. तिथे जायला परवाना लागतो, अगत्तीच्या छोट्या धावपट्टीवर लहान विमानेच उतरतात आणि सुहेली व कदमत बेटांवर ताज समूहाने आखलेल्या दोन रिसॉर्टची घोषणा 2023 मधली आहे. म्हणून पुणेकराच्या हाती खरे पर्याय तीन उरतात: मालदीव, अंदमान आणि मॉरिशस. तिन्ही हिंदी महासागराच्या कुशीतले, पण तिघांचे पंचांग निराळे.

मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा कोरडा वारा असतो. आकाश स्वच्छ, समुद्र शांत, पाणी पारदर्शक. मे ते नोव्हेंबर नैऋत्येचा. जो मान्सून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात येतो, तो मालदीवला मे महिन्यातच गाठतो. तुळशीच्या लग्नानंतर बोहल्यावर चढणाऱ्यांना ऋतू आपोआप साधतो, कारण त्यांची सहल डिसेंबर-जानेवारीत होते. अडचण होते ती शाळकरी मुलांच्या आई-बापांची. त्यांना मिळते मे महिन्याची सुट्टी. त्याच काळात रिसॉर्टच्या जाहिरातीत मोठ्या सवलती झळकतात आणि त्या सवलतींचे कारण हाच पाऊस असतो.

याचा अर्थ मे महिन्यात जाऊच नये असा नाही. मालदीवचा पाऊस पुष्कळदा सरींचा असतो, दोन सरींमध्ये ऊनही पडते. शिवाय बा अटॉल या प्रवाळबेटांच्या समूहातल्या हनिफारू उपसागरात साधारण जून ते नोव्हेंबर याच वाऱ्याबरोबर प्लवक गोळा होते आणि ते खायला मांटा रे मासे थव्याने येतात. युनेस्कोने 2011 मध्ये हा अटॉल जीवावरण क्षेत्र म्हणून जाहीर केला. मासे बघायला जाणाऱ्याला पावसाळा सोयीचा, खुर्ची टाकून निळे पाणी बघत बसणाऱ्याला गैरसोयीचा. आपण यांतले कोण, हे आधी ठरवावे.

वाऱ्याचा दुसरा परिणाम त्याहून बारीक आहे. मालदीवची बेटे प्रवाळांच्या वाळूची, समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर उंचीची. ही वाळू एका जागी राहत नाही. नैऋत्येच्या वाऱ्यात ती पूर्वेच्या बाजूला सरकते, ईशान्येच्या वाऱ्यात परत येते. त्यामुळे जानेवारीत काढलेल्या फोटोत व्हिलासमोर जो रुंद किनारा दिसतो, तो ऑगस्टमध्ये अरुंद होऊन वाळूच्या गोण्या दिसू शकतात. सूर्यास्ताच्या बाजूच्या व्हिलांसाठी रिसॉर्ट जादा दर लावतात. ती बाजू पश्चिमेची, म्हणजे मे ते ऑक्टोबरमध्ये वारा आणि लाटा थेट अंगावर घेणारी. या महिन्यांत स्वस्तातली सूर्योदयाची बाजू अधिक सुखाची ठरते.

मालदीवच्या पर्यटनाची सुरुवात 1972 मध्ये कुरुंबा या रिसॉर्टपासून झाली. तेव्हापासून तिथला रिवाज आहे, एक बेट एक रिसॉर्ट. राहणे, जेवण, डॉक्टर, दुकान, सगळे त्याच बेटावर. त्यामुळे चूक झाली तर शेजारच्या हॉटेलात जेवून येण्याची सोय नाही. भाजीपासून दुधापर्यंत सारे बोटीने किंवा विमानाने येते, म्हणून किमतीही तशाच असतात.

या किमती वाचायची एक रीत आहे. दरापुढे बारीक अक्षरात दोन अधिक चिन्हे दिसली, तर त्यांचा अर्थ 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर पर्यटन कर. हा कर जुलै 2025 पासून 17 टक्के झाला आहे. 100 डॉलरचे जेवण सेवाशुल्काने 110 होते आणि करासह 128 डॉलर 70 सेंट. शिवाय जानेवारी 2025 पासून रिसॉर्टमध्ये माणशी दररोज 12 डॉलर हरित कर आहे. चौघांचे कुटुंब चार रात्री राहिले तर एवढ्याच बाबीचे 192 डॉलर होतात. भारतातून परदेशी टूर पॅकेज घेताना आकारला जाणारा टीसीएस हा कर प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. हरित कराचे तसे नाही, तो गेला तो गेला.

सर्वांत महाग बाब मात्र पुष्कळदा खोली नसतेच. माले विमानतळावरून बेटापर्यंतचा प्रवास ही ती बाब. जवळच्या बेटांना स्पीडबोट जाते, लांबच्यांना सी-प्लेन. सी-प्लेनचे जाऊन-येऊन भाडे माणशी काहीशे डॉलर असते आणि ते दरात धरलेले आहे की नाही हे विचारावे लागते. ही विमाने पाण्यावर उतरतात, म्हणून ती उजेडातच उडतात. दुपारी चारच्या सुमारास किंवा त्यानंतर मालेला पोहोचणाऱ्याला पहिली रात्र माले किंवा हुलहुमाले इथल्या हॉटेलात काढावी लागू शकते आणि रिसॉर्टच्या एका रात्रीचे पैसे वाया जातात. मुंबईहून निघणाऱ्या पुणेकराचा तर द्रुतगती मार्गापासून हिशेब सुरू होतो. मालेला उतरण्याची वेळ आधी नक्की करावी आणि रिसॉर्ट नंतर निवडावे, हा क्रम इथे शहाणपणाचा. सामानाची मर्यादाही कमी असते. दारूच्या बाटल्या देशात नेता येत नाहीत आणि तिथल्या सीमाशुल्काच्या नियमांनुसार पूजेच्या मूर्ती नेण्यासही मनाई आहे. देव्हाऱ्यातला गणपती बरोबर घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अंदमानचे गणित वेगळे. पुणेकरांची पहिली ओढ सेल्युलर जेलची. सावरकरांची कोठडी बघितल्यावर बहुतेक जण फेरीने स्वराजद्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला जातात. तिथला राधानगर किनारा 2004 मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम ठरवला होता. त्याच्या काठच्या जंगलात 2018 मध्ये ताज एक्झॉटिका उघडले. त्याच्या व्हिला जारवा आदिवासींच्या झोपड्यांच्या घाटणीच्या आहेत. पण किनारा सार्वजनिक आहे, मालदीवसारखा खासगी नव्हे. दिवसा सहलीचे गटही तिथेच पोहायला येतात. ज्याला एकांत विकत घ्यायचा आहे, त्याने हे आधीच जाणून असावे.

अंदमानात प्रश्न भरती-ओहोटीचा. मालदीवमध्ये हा फरक जेमतेम मीटरभर. अंदमानात उधाणाला तो दोन मीटरच्या आसपास जातो. स्वराजद्वीपच्या पूर्व किनाऱ्यावर बरीच रिसॉर्ट आहेत. तिथे ओहोटीला पाणी दूरवर हटते आणि खडक उघडे पडतात. पोहणे दूरच, चालणेही अवघड होते. पश्चिमेच्या राधानगरला उतरता वाळूचा किनारा असल्याने हा त्रास कमी. पूर्वेकडे राहायचे असेल, तर कोकणातला कोळी बघतो तसे कॅलेंडर बघावे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे फरक कमी. कालनिर्णय घरात असतेच.

हवामानाच्या बाबतीत अंदमान सर्वांत बेभरवशाचे. देशात मान्सून पहिल्यांदा इथेच, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो. त्यानंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातली वादळे असतात. डिसेंबर 2016 मध्ये वरदा वादळाच्या काळात हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाच्या जहाजांना जावे लागले. सर्वांत निवांत काळ जानेवारी ते एप्रिल. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम ठेवावा. फेरी रद्द झाली तर विमान थांबत नाही.

उरला मॉरिशस, आणि मे महिन्याच्या सुट्टीचे उत्तर बहुधा हाच आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथला ऋतू उलटा. चक्रीवादळांचा जोर जानेवारी ते मार्च. मे महिन्यात पाऊस ओसरतो, उकाडा कमी होतो आणि पाणी पोहण्याइतके उबदार असते. दिवाळीच्या सुट्टीतही हवा चांगली. इथेही बाजू निवडावी लागते. आग्नेयेचा व्यापारी वारा पूर्वेच्या बेल मारसारख्या किनाऱ्यांवर येतो, तो जून ते ऑगस्टमध्ये बोचरा होतो. पश्चिमेचा फ्लिक-आं-फ्लाक आणि उत्तरेचा त्रू-ओ-बिश तुलनेने आडोशाला. बेटाभोवती प्रवाळांची भिंत असल्याने आतले पाणी उथळ आणि शांत राहते. दक्षिणेच्या ग्री-ग्री भागात ही भिंत तुटते, तिथे पोहणे धोक्याचे.

मॉरिशसला आणखी एक ओढ आहे. 19 व्या शतकात रत्नागिरी आणि कोकणच्या इतर भागांतून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या माणसांचे वंशज तिथे आजही आपली मराठी ओळख जपून आहेत. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि मोका इथे 2023 मध्ये शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. रिसॉर्टच्या फाटकाबाहेर गावे, बाजार, देवळे आहेत. आजी-आजोबा आणि मुले एकत्र निघाली असतील, तर चार दिवस एकाच बेटावर कोंडून घेण्यापेक्षा हे सुसह्य.

म्हणून निवडीचा क्रम असा ठेवावा: सुट्टीचा महिना, त्या महिन्यातला वारा, किनाऱ्याची बाजू, पोहोचण्याचा मार्ग, आणि सर्वांत शेवटी व्हिला. पैसे भरण्यापूर्वी रिसॉर्टला ई-मेल करून पाच उत्तरे लेखी मागवावीत. व्हिला कोणत्या दिशेला आहे? किनाऱ्यापासून प्रवाळ किती अंतरावर आहे आणि ओहोटीला पोहता येते का? बेटापर्यंतचा प्रवास आणि सगळे कर दरात धरले आहेत का? लहान मुलांना पाण्यावरच्या व्हिलात घेतात का? शाकाहारी जेवण एकाच उपाहारगृहात मिळते की सगळीकडे? यांतल्या एकाही प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर आले, तर त्या रिसॉर्टचे नाव यादीतून काढावे.